बल्लारशाचा ‘शा’

स्टेशनच्या पाटीवर बल्हारशाह, नगरपरिषदेच्या पाटीवर बल्लारपूर आणि माणसांच्या तोंडी बल्लारशा. एका गावाला तीन नावं असण्यात नवल नाही. पण त्यातला ‘शा’ इराणातून निघून वर्धेच्या काठी येऊन बसला, ही मजल बघण्यासारखी आहे.

बल्लारशा म्हणजे मूळचा बल्लाळशाह. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी खांडक्या बल्लाळशाहाची गोष्ट तिकडं पोरासोरांना ठाऊक असते. त्याच्या अंगभर गळवं होती, झरपटच्या पाण्यानं ती बरी झाली, तिथंच अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढं एका सशानं कुत्र्याचा पाठलाग केला, त्या वाटेवरून चांद्याचा परकोट आखला गेला. मराठीत गळवाला खांडूक म्हणतात, ‘खांडक्या’ त्यातूनच आला असणार. बल्लाळ हे नाव कर्नाटकातल्या होयसळ राजांचंही आहे. शाह फारसी. म्हणजे या गोंड राजाच्या अख्ख्या नावात गोंडी शब्द एकही नाही!

राजाला त्याच्या व्यंगावरून ओळखण्याची खोड काही आपलीच नव्हे. नवव्या शतकातले फ्रँकांचे राजे बघा: टकला चार्ल्स, तोतरा लुई, लठ्ठ चार्ल्स. इतिहासाच्या पुस्तकांत ते अजून याच नावांनी नांदतात. टकल्या चार्ल्ससाठी 845 च्या सुमारास तयार झालेल्या बायबलात त्याचं चित्र आहे. राजेसाहेब मुकुट चढवून सिंहासनावर बसलेत, टकलाचा पत्ता नाही. चितारी राजासाठी रंगवत होता, टोपणनाव ठेवणारे नव्हते.

या चार्ल्सचा आजा शार्लमेन. बगदादच्या हारून अल रशीदनं त्याला अबुल अब्बास नावाचा हत्ती पाठवला, तो 802 मध्ये आखेनला पोचला. पॅरिसमध्ये हस्तिदंती बुद्धिबळाचे सोळा मोहरे जपून ठेवले आहेत, तेही हारूननंच धाडले असं बरीच वर्षं सांगितलं जाई. प्रत्यक्षात ते अकराव्या शतकात इटलीत कोरलेले. पण त्यांत चार हत्ती आहेत! पुढं युरोपात त्या घरात बिशप आला, आपल्याकडं उंट. आपला हत्ती सरकून पटाच्या कोपऱ्यात गेला.

याच पटावर आपला ‘शा’ पुन्हा भेटतो. राजावर चाल आली की फारसीत ‘शाह!’ म्हणून बजावत. त्याचाच आपला शह, त्यावरून काटशह. फ्रान्समार्गे इंग्रजीत जाऊन त्याचा ‘चेक’ झाला, बँकेचा चेकही त्यातूनच निघाला. म्हणजे बल्लारशाच्या बँकेत कुणी चेक वटवतो, तेव्हा स्टेशनच्या नावातला राजा आणि हातातला कागद एकाच घराण्यातले असतात. निवडणुकीच्या दिवसांत शह-काटशहाच्या बातम्या छापणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही.

चांद्याच्या जटपुरा दरवाजावर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. दरवाजाखालून रिक्षा, सायकली, भाजीच्या गाड्या जातात. मान वर करून बघायला सवड कुणाला? मात हा शब्दही पटावरचाच, शहमातीतला. त्याचं मूळ अरबी ‘मेला’ असं काही सांगतात. मला फारसी ‘हतबल झाला’ हा अर्थ पटतो, कारण बुद्धिबळात राजाला मारत नाहीत. तो पटावरच असतो, फक्त हलायला घर उरत नाही.

1751 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशाह कैदेत पडला, आणि त्याला ठेवलं बल्लारपूरच्याच किल्ल्यात.