तीन ऑगस्टची सकाळ

२ ऑगस्टबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. १९५४ साली त्या दिवशी सिल्वासा मुक्त झालं. त्याआधी २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली. सुधीर फडके, राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे ही नावं आणि आझाद गोमंतक दलाची कामगिरी आपल्या वाचकांना पाठ आहे. मला आज ३ ऑगस्टबद्दल बोलायचंय. झेंडा लागला, जुने अंमलदार गेले. मग दुसऱ्या दिवशी दफ्तर कोणी उघडायचं? तंटा झाला तर न्यायचा कुणाकडे?

हा प्रश्न मला पडला तो सिल्वासात नाही, दुधनीला. सिल्वासाहून खानवेल, तिथे साकरतोड नदी ओलांडायची आणि पुढे डोंगरातल्या वळणांनी दुधनी गाठायचं. आज तिथे धक्क्यावर शिकारे लागलेले असतात, पर्यटक फोटो काढतात. मीही काढले. पण नकाशा उघडला की कळतं, राजधानीपासून लांब असलेलं हे टोक आहे. कुठलीही व्यवस्था पारखायची तर ती कचेरीत बसून पारखता येत नाही, अशा टोकाच्या गावात येऊन पाहावी लागते.

१९५४ च्या ऑगस्टात तर हे अंतर फारच खरं होतं. सिल्वासा मुक्त झालं तेव्हा पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपले पोलीस घेऊन खानवेलच्या बाजूला सरकला होता. त्याने शरणागती पत्करली ती ११ ऑगस्टला, उधव्याला. म्हणजे नऊ दिवस सिल्वासात नवं राज्य आणि दुधनीच्या वाटेवर जुने पोलीस! खानवेलपलीकडच्या माणसाला ‘आपण मुक्त झालो’ हे २ तारखेला कोण सांगणार?

त्याआधीची व्यवस्था कशी होती ते थोडक्यात पाहू. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं कबूल केलं आणि १७८३ व १७८५ मध्ये नगर हवेलीची गावं त्यांच्याकडे गेली. दिला होता तो महसूल. पुढे इथली सत्ताही त्यांचीच झाली, पण या मुलखाकडे पाहायची नजर पहिल्यापासून वसुलीचीच राहिली असं मला वाटतं. गावांच्या गटाला पटेलाद म्हणत. जमीन सरकारच्या ‘अल्वारा’ नावाच्या सनदेने मिळे. जंगल तोडून शेत करणारा वारली, कोकणा माणूस मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा.

मग गावाचं चालायचं कसं? तर गाव स्वतःचं स्वतः चालवत होतं. लावणीला सावड, म्हणजे आज माझ्या शेतावर सगळे, उद्या तुझ्या. लग्न लावायला धवलेरी, दुखण्याखुपण्याला भगत, पाड्यातलं भांडण मिटवायला चार जाणती माणसं. हीसुद्धा व्यवस्थाच. तिला कचेरी नव्हती, पण गरज पडली की ती हजर असे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. सावकार, जमीनदार किंवा पोलिसापुढे तिचं काही चालत नसे.

३ ऑगस्टनंतर उभी राहिली ती वरिष्ठ पंचायत. ‘मुक्त दादरा नगर हवेली’चा कारभार तिच्या नावाने चालू लागला. गंमत बघा, हा प्रदेश ना पोर्तुगालच्या ताब्यात, ना कायद्याने भारताचा. जगातल्या एकाही देशाची मान्यता नाही, स्वतःचं सैन्य नाही. सुरुवातीला टपालाची तिकिटं होती तीही पोर्तुगिजांचीच, वर नवा शिक्का मारलेली. तरी सात वर्षं कारभार चालला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणालं की नागरिक, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारताच्या हद्दीतून जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. १२ जून १९६१ ला वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करायला कुणी प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं ‘पंतप्रधान’ केलं गेलं! ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारताचा झाला.

हा किस्सा सांगताना आपण हसतो आणि पुढची ओळ वाचायची राहून जाते. विलीनीकरणाच्या कायद्याने वरिष्ठ पंचायत ठेवली खरी, पण तिचं काम ठरलं चर्चा करणं आणि प्रशासकाला शिफारस करणं. जी काल कारभार करत होती, ती आज सल्ला देणारी झाली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमाने अल्वारा पद्धत रद्द करायची ठरवली. ते काम सावडीने झालं नसतं. त्यामागे कायद्याचं बळ असलेलं सरकारच लागतं.

आणि मग मधुबन धरण. दमणगंगा अडली, पाणी मागे पसरत दुधनी-कौंचापर्यंत आलं. त्या पाण्यावर खालच्या अंगाला कालवे वाहतात, कारखाने चालतात, नळ येतात. वरच्या अंगाला शेतं आणि घरं बुडाली, वाटा तुटल्या. धक्क्यावरून समोरचा काठ बघताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. गरज भागवणारी व्यवस्था म्हणजे नेमकी कुणाची गरज? पाडा आपल्यापुरता निर्णय घेई, पण त्याच्या हाती बळ नव्हतं. पुढे बळ आलं, तर निर्णय पाड्यापासून लांब गेला. १९६१ च्या शिरगणतीत या सगळ्या प्रदेशाची वस्ती अवघी ५७,९६३ होती. इतक्या थोड्या माणसांतही मधलं अंतर भरून निघालं नाही.

वरिष्ठ पंचायतीची ती सात वर्षं मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. कारभार फार आदर्श होता असा माझा दावा नाही. पण तिच्या पाठीशी ना फौज होती ना मान्यता. लोकांनी तिला आपली मानलं, एवढ्याच भांडवलावर ती उभी होती.

तेव्हा यंदा २ ऑगस्टच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांना एक विनंती. सिल्वासात झेंडावंदन झालं की गाडी खानवेलच्या पुढे काढा. पाड्यावरच्या एखाद्या आजी-आजोबांजवळ बसा आणि १९५४ च्या पावसाळ्यात काय झालं, पाणी आलं तेव्हा कुणी येऊन काय सांगितलं, ते विचारा आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. शिकारे संध्याकाळपर्यंत असतात, ते नंतरही पाहता येतील.