पॅरिसचा ययाती

पुराणातल्या ययातीने आपल्या मुलाकडून तारुण्य उसने घेतले. पॅरिसमधल्या एका ययातीने ते मागितले कुत्र्यांकडे आणि गिनीपिगांकडे! त्याचे नाव शार्ल ब्राउन-सेकार. मॉरिशस बेटावर १८१७ साली जन्मलेला हा गृहस्थ काही भोंदू वैदू नव्हता. मज्जारज्जूवरील संशोधनाने त्याने कीर्ती मिळवली होती, आणि क्लोद बर्नारसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या पश्चात 'कोलेज द फ्रान्स'मधील त्याची जागा याच्याकडे आली होती.

पण ‘साठी बुद्धी नाठी’ ही भीती विद्वानांनाही चुकत नाही. प्रयोगशाळेत थोडा वेळ उभे राहिले की थकवा येई, बुद्धीचे काम जड वाटे. तेव्हा त्याने प्राण्यांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतला, आणि १ जून १८८९ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे सांगितले की, अंगात बळ आले आहे आणि डोकेही पूर्वीसारखे चालू लागले आहे! काही जण हसले. पण युरोप-अमेरिकेतले कितीतरी डॉक्टर असल्या सुया टोचू लागले.

खरा प्रकार पुढे कळला. वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरोन १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे शुद्ध रूपात हाती आले. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही! म्हणजे म्हाताऱ्याच्या सुईत औषध नव्हते, होती ती श्रद्धा.

मग शुद्ध औषधाने तरी बुद्धी परतते का? अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या, विसराळूपणा जडलेल्या ४९३ पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना टेस्टोस्टेरोन, निम्म्यांना नुसते सोंगाचे औषध. २०१७ साली निष्कर्ष आला: वर्षभरानंतरही दोघांच्या स्मरणशक्तीत फरक नाही. त्याआधी, २००३ साली, पासष्टीपुढच्या स्त्रियांच्या प्रयोगात तर उलटेच दिसले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट झाले होते.

तरीही ब्राउन-सेकारला हसू नये. शरीरातल्या ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि त्यावर दूरच्या इंद्रियांचे काम चालते, ही त्याची कल्पना खरी ठरली. चुकला तो स्वतःच्याच साक्षीवर विसंबला म्हणून.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या वेळी आजोबा तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागले, तर मुकाट्याने ऐकावी. त्यावरची सुई अजून निघालेली नाही.