सायबाच्या हाती दिलेला राजदंड

दरवर्षी 3 डिसेंबरला गोव्यात सार्वजनिक सुट्टी असते. हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा स्मृतिदिन. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकात त्या दिवशी फेस्त भरते. गोंयकार या संताला ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि दर्शनाला येणाऱ्यांत हिंदूही असतात. जुने गोवे तिसवाडी या बेटावर वसले आहे. मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेल्या या बेटाच्या इतिहासात मराठ्यांचा एक अध्याय आहे आणि तो थेट संताच्या शवपेटीपर्यंत पोहोचतो.

झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांसियान बेटावर वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आणण्यात आला. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले. धर्मपुरुष म्हणून त्यांची ख्याती तोवर सर्वत्र झाली होती. राज्यरक्षक ही त्यांची ओळख मात्र 1683 च्या संकटात दृढ झाली.

त्या वर्षी विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज स्वतः मदतीस धावून आल्याने त्याला माघार घ्यावी लागली. 24 नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीचा लाभ घेऊन मराठ्यांनी तिसवाडीलगतच्या जुवे बेटावरील किल्ला जिंकला. तो परत घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी गेलेला विजरई पराभूत होऊन परतला. राजधानी आणि मराठी फौज यांच्यामध्ये आता फक्त पाणी उरले होते. हतबल विजरईने बॉम जेझुसमध्ये संताची शवपेटी उघडवली, आपला राजदंड संताच्या हाती ठेवला आणि राज्य त्याच्या स्वाधीन केले.

मराठ्यांनी लवकरच जुवे सोडले. डिसेंबरमध्ये त्यांनी साष्टी आणि बारदेशावर धडक मारली. परंतु शहजादा शहाआलमची मोगल फौज चालून येत असल्याने महाराजांना परतावे लागले. पोर्तुगीजांनी या सुटकेचे श्रेय संताला दिले. पुढे नव्या गव्हर्नराने संताच्या समाधीपाशी राजदंड स्वीकारण्याची प्रथाच पडली.

हा चमत्कार होता की मोगलांच्या हालचालींचा परिणाम, या प्रश्नाचे उत्तर इतिहासकाराला अवघड नाही. महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. विजयाची वर्णने स्तुतिपर असू शकतात. भयाची कबुली सहसा खोटी नसते. ज्या सत्तेने आपला राजदंड शवपेटीत ठेवला, तिने मराठ्यांच्या सामर्थ्याची नोंद नकळत आपल्या विधीतच करून ठेवली. शत्रूच्या प्रार्थनेतही आपला इतिहास सापडतो तो असा. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरे धुंडाळून हेच दाखवून दिले.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. गोव्यात इन्क्विझिशन यावे, अशी मागणी झेवियर यांनी 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. 1560 मध्ये ते आले. तरीही शतकांच्या ओघात लोकमानसाने त्यांना ‘सायब’ केले. 1961 मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, राजदंडाचा अर्थ संपला, फेस्त राहिले.

जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्यांच्या या नातवाची गोवा मोहीम येथील वर्गांत शिकवताना केवळ जयजयकार पुरेसा नाही. पलीकडच्या तीरावर त्या रात्री कोणती प्रार्थना चालली होती, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागेल. कारण इतिहासाचे अर्धे पान तिथे लिहिलेले आहे.