हिरव्या चाऱ्याचा जुना धडा

हवेतील नत्रापासून खत बनवण्याची विद्या अवगत होण्यापूर्वीच, १८९५ साली, अमेरिकेतील कॅन्सासमध्ये एन. एस. मेयो यांनी मक्याची ताटे खाऊन दगावलेल्या गुरांच्या मृत्यूचे कारण नोंदवले : ताटांत साचलेले पोटॅशियम नायट्रेट.

भारतात सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, तर झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. नत्राने चारा जोमाने वाढतो, त्यातील प्रथिनेही वाढतात. परंतु पावसाने ओढ दिली की खुंटलेले पीक शोषलेल्या नायट्रेटची प्रथिने करू शकत नाही. ते गुरांच्या पोटात नायट्राइट बनते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते.

म्हणून युरिया हप्त्यांनी द्यावा, ताण पडलेला चारा तपासूनच घालावा. हिरवा रंग म्हणजे सकसपणा नव्हे.