रावेर, रात्री ९:३७

रात्री ९ वाजून ३७ मिनिटांनी हळदीच्या मंडपात बेसचे तीन स्पीकर एकदम जळाले. मूळ बिघाड होता एका सॉकेटमधल्या पट्टीवर साचलेला मळ. तो काढायला पैसे लागले नसते, पाच मिनिटंही लागली नसती. त्याआधीच्या साडेचार तासांत काय काय झालं, ते वेळेसह मांडतो.

सायं. ५:१०
रावेरच्या कडेला, केळीच्या बागेला लागून असलेलं मोकळं शेत. मे महिना. या दिवसांत जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. ऊन कललं तरी टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येत नाही. ऑर्केस्ट्रावाले सामान उतरवतात. बेसचा ॲम्प जुना, ट्रान्झिस्टरवर चालणारा, चार हात फिरून आलेला. ताकद ४०० वॅट. मागच्या पत्र्यावर छापलंय: कमीत कमी ४ ओहम.

५:४०
१५ इंची स्पीकरचे दोन बॉक्स जोडले जातात. प्रत्येकी ८ ओहम. दोन समांतर जोडले की ४. ॲम्पला झेपेल तेवढंच ओझं आहे, त्यापुढे जागा नाही. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

६:२५
आवाज तपासताना बेस दोनेक सेकंद दबतो. बेसवाला ॲम्पच्या डोक्यावर थाप मारतो, आवाज परत येतो. थाप मारून बरं होणारं दुखणं हे बहुतेकदा सैल किंवा मळलेल्या जोडाचं असतं, हे स्टेजवरच्या चौघांनाही माहीत आहे. पण थापेने काम झालं, म्हणून विषय तिथेच संपतो.

७:३०
वीज जाते. जनरेटर सुरू होतो. मंडपवाला स्टेजच्या कडेने झालर ओढतो, ती ॲम्पच्या मागच्या जाळीवर येते. गरम हवा बाहेर पडायची वाट तीच. तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

८:०५
हळद सुरू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. म्हणजे हाताशी ११५ मिनिटं. पुढचा प्रत्येक निर्णय याच आकड्याच्या दडपणाखाली झाला.

८:२४
दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बेस अचानक खाली जातो. पूर्ण बंद नाही. भिंतीपलीकडे कोणी वाजवावं तसा. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. इतका खालचा आवाज कानापेक्षा छातीला आणि पायाखालच्या फळीला कळतो. फळी थरथरायची थांबते. ढोलकवाला वळून बघतो.

८:२५
बेसवाला व्हॉल्यूमचं बटन ४ वरून ७ वर नेतो. आवाज किंचित वाढतो.

८:३१
दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात तपासणी होते, आणि ती नीट होते. गिटारची वायर बदलली, फरक नाही. एका बॉक्सची जाळी काढून पिनांना दीड व्होल्टचा सेल टेकवला. स्पीकरचा कागद ‘टक’ करून हलला. दुसरा बॉक्सही तसाच बोलला. गिटार ठीक, वायर ठीक, स्पीकर ठीक. राहिला ॲम्प. सात मिनिटांत बिघाड एका डब्यात कोंडला गेला होता.

त्या डब्याच्या पाठीवर ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन सॉकेट होते, बाहेरचं इफेक्ट-यंत्र मध्ये जोडण्यासाठी. ते कोणी वापरत नव्हतं. पिन घातलेली नसते तेव्हा रिटर्नमधली एक लवचीक पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकून असते, आणि ॲम्पच्या पुढच्या भागातला सगळा आवाज त्या टेकणीतून मागच्या, ताकदीच्या भागाकडे जातो. वर्षानुवर्षं पिन न घातलेल्या सॉकेटात धूळ बसते, पट्टी काळी पडते, आवाज दबतो. खात्री करायची तर सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी वायर घालायची. आवाज परत आला, तर दोष पट्टीचा. तशी वीतभर वायर गिटारवाल्याच्या दोन पेडलांच्या मध्ये, स्टेजवरच, जोडलेली होती.

८:३९
बेसवाला म्हणतो, दहा मिनिटं द्या, मागून बघतो. नवरदेवाचे मामा स्टेजजवळ येतात. “भाऊ, आता बंद नका करू. दहाला तर बंद करायचंच आहे.” तो ॲम्पकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, आणि गिटार परत गळ्यात घालतो.

माझ्या मते रात्र इथे फिरली. मामांना मी दोष देत नाही. पाहुणे नाचत होते, लेकरं स्टेजला चिकटली होती, पैसे आधी दिलेले होते. पण बेसवाल्याने मागितलेली दहा मिनिटं अगदी योग्य होती, आणि ती मागणारा मंडपात तो एकटाच होता.

८:४८
शेजारी उभ्या असलेल्या डीजेच्या टेम्पोतून १८ इंची बॉक्स उसना येतो. तोही ८ ओहम. हिशेब साधा: आवाज कमी, तर स्पीकर वाढवा. आता ओझं ४ ओहमवरून २.७ वर. छापलेली मर्यादा मागे पडली. त्या वेळी काही होत नाही, कारण ताकदीच्या भागापर्यंत पुरेसा आवाज पोचतच नव्हता.

९:०२
क्षणभर बेस पूर्ण ताकदीने येतो. फळ्या हादरतात, लोक शिट्ट्या मारतात, आणि ॲम्प बंद पडतो. ५ अँपिअरचा फ्यूज उडाला आहे. पेटीत दुसरा नाही. रावेरमधली इलेक्ट्रिकची दुकानं या वेळेला बंद.

९:०९
वायरची रबरी साल दातांनी सोलून तांब्याच्या काड्या एकत्र पिळल्या जातात आणि फ्यूजच्या जागी बसवल्या जातात. फ्यूज कशामुळे उडाला, हे कोणी विचारत नाही. ॲम्प सुरू होतो. बेस पुन्हा दबलेला. बटन ९ वर.

९:२०
ॲम्पच्या पत्र्यावर ठेवलेला प्लास्टिकचा ग्लास खालून मऊ पडलेला एका मुलाला दिसतो. तो ग्लास उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो.

९:३७
शेवटची फर्माईश. नाचणारे स्टेजवर चढतात. फळ्यांच्या हादऱ्याने सॉकेटमधली पट्टी नीट टेकते. बटन ९, ओझं २.७ ओहम, झालरीत कोंडलेली उष्णता, फ्यूजऐवजी तांबं. सगळा आवाज एकदम ताकदीच्या भागात जातो. ट्रान्झिस्टर शॉर्ट होतात.

तपासताना काढलेली जाळी परत लावली नव्हती, म्हणून पुढचं दिसलं. कागद पुढे ढकलला गेला आणि तिथेच थांबला. पुढेमागे व्हायला हवा तो कागद एका टोकाला ताणलेला राहिला, कारण कॉइलमधून आता संगीत नव्हे, सरळ डीसी वाहत होतं, ६० व्होल्टच्या आसपास. खरा फ्यूज असता तर इथे तो उडाला असता. आधी तापलेल्या वार्निशचा वास. मग मधल्या टोपीच्या कडेने धूर. तिन्ही बॉक्समधून, उसन्या बॉक्ससकट.

९:३८
जनरेटरवाला स्वतःहून मेन खाली ओढतो. मंडपात अंधार. बेसवाला टॉर्चच्या उजेडात झालर फाडून ॲम्पपासून लांब करतो. ती पेटली नव्हती. वर मंडपाचं कापड होतं, खाली लेकरं.

९:५२
दिवे येतात. हळद ढोलकवर पुढे चालते.

चौथ्या दिवशी, दुपारी १२:१५, भुसावळ
दुरुस्तीवाल्याच्या बाकावर आठ ट्रान्झिस्टर निघालेले, ५२०० आणि १९४३ या क्रमांकांच्या चार जोड्या. तीन कॉइल काळ्या पडल्या आहेत. उसन्या बॉक्सचा खर्चही बेसवाल्याच्याच अंगावर. नवे ट्रान्झिस्टर बसवून, सिरीजला १०० वॅटचा बल्ब लावून ॲम्प सुरू केला जातो. बल्ब लखकन पेटून मंदावतो, म्हणजे शॉर्ट नाही. बल्ब काढून चाचणीच्या स्पीकरवर बेस वाजवला. आवाज दबलेला.

१२:२२
दुरुस्तीवाला सेंडमधून रिटर्नमध्ये वायर घालतो. आवाज पूर्ण येतो. वायर काढून तो सॉकेटात क्लीनर मारतो, पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करतो आणि पुन्हा वाजवायला सांगतो. आता वायरीशिवायही तेवढाच येतो.