लखनौच्या सेनापतीचा पाद्री मुलगा

१८५७ मधल्या लखनौच्या वेढ्याची हकिकत आपण शाळेत वाचलेली असते. सर हेन्री लॉरेन्स मरण पावल्यावर रेसिडेन्सीचा बचाव जॉन इंगल्स या अधिकाऱ्याकडे आला. आज सांगायचं आहे ते त्याच्या धाकट्या मुलाविषयी. रूपर्ट इंगल्स १८६३ मध्ये जन्मला, वडील वारल्यानंतर काही महिन्यांनी.

तो शिकला रग्बी गावच्या शाळेत. खेळाला नाव मिळालं ते याच शाळेवरून. चिखलात झोंबी घेणारा पोरगाच पुढे धर्माची खरी सेवा करतो, अशी त्या काळी तिथल्या मोठ्या शाळांची समजूत होती. शिवाय रग्बीत पैसा नव्हता. पोटासाठी दुसरं काही करावंच लागे. त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे बरेच खेळाडू पाद्री झाले. मॅथ्यू मलिन्यू हा असाच एक. १८९९ मध्ये ब्रिटिश संघ घेऊन तो ऑस्ट्रेलियात गेला, पहिली कसोटी हरल्यावर कर्णधार असूनही त्यानं स्वतःलाच वगळलं, आणि उरलेल्या तिन्ही कसोट्या संघानं जिंकल्या!

रूपर्ट १८८६ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला. वेल्स आणि आयर्लंड हरले, स्कॉटलंडशी बरोबरी झाली. पुढे तो पाद्री झाला आणि १९०० पासून केंटमधल्या फ्रिटेंडन या खेड्यात राहिला. बायको, तीन मुलं, चर्च. तिथंच म्हातारा झाला असता.

पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. गावातल्या तरुणांना त्यानंच सांगितलं, लढायला जा. ही गोष्ट त्याला खात राहिली. लोकांना घरदार सोडायला सांगायचं आणि आपण उबेत बसायचं, हे जमत नाही, अशा अर्थाचं पत्र गावकऱ्यांना लिहून १९१५ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो लष्करी पाद्री म्हणून फ्रान्सला गेला. धर्मपीठावरून पोरांना युद्धावर धाडणं मला पटत नाही. पण त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेता येत नाही.

१८ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या लढाईत, जिंशी गावाजवळ तो जखमींना आणायला पुढे गेला. तोफगोळ्याचा तुकडा लागला. जखम बांधत असतानाच दुसरा गोळा आला.

मलिन्यू युद्धातून परतला. १९१९ मध्ये त्यानं एक संस्था काढली. गरीब आई-बापांना, विधवांना आपल्या माणसाच्या कबरीपर्यंत नेणारी. इंगल्सची ओळखता येईल अशी कबरच नाही. थिप्वालच्या स्मारकावर, सत्तर हजारांहून अधिक नावांत, त्याचं नाव आहे.