टोकियोत ‘इथलं’ काय मिळतं?

पुण्याहून कुणी टोकियोला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “इथलं, अस्सल असं कुठे खायचं?” दोन-तीन दिवसांत दुसरा येतोच, “आपल्याकडचं काही मिळेल का?” मी राहतो निशी-कासाईत. भारतीय आयटीवाल्यांची इथे इतकी वस्ती की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गल्लीच्या तोंडाशीच मिळतं. घोळ होतो तो पहिल्या प्रश्नाचा. या शहरात ‘इथलं’ म्हणून जे समोर येतं, ते बरंचसं बाहेरून आलेलं असतं, नाहीतर बाहेरून आलेल्या माणसांसाठी तयार झालेलं.

टोकियो म्हणजे पूर्वीचं एदो. १६३५ साली शोगुनने, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाने, सरदारांवर आळीपाळीने एदोत येऊन राहण्याची सक्ती केली. त्यांच्याबरोबरचे बहुतेक शिपाई-कारकून बायकामुलं गावीच ठेवून येत. १६५७च्या आगीत निम्म्याहून जास्त शहर जळालं आणि ते पुन्हा उभारायला सुतार-गवंड्यांची रीघ लागली. एकट्या पुरुषांचं गाव ते, घरी चूल पेटवायची कुणी? मग रस्तोरस्ती ठेले लागले. सोबाच्या शेवया, तेम्पुरा आणि १८२०च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेईने नावारूपाला आणलेली निगिरी सुशी. भाताच्या मुटक्यावर मासा ठेवायचा, उभ्याउभ्या खायचं आणि कामाला लागायचं. आज जिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवतात, ती सुशी मुळात आपल्या गिरणगावातल्या खाणावळीसारखी कष्टकऱ्यांची सोय होती.

नवख्यांचं शहर म्हटल्यावर चांगलं दुकान शोधण्याची अडचणही जुनीच. १८२४ साली ‘एदो काइमोनो हितोरी आन्नाई’ नावाची खरेदीची मार्गदर्शिका छापली गेली. तिच्यात खाण्यापिण्याचा खंडच वेगळा होता. सुमो पैलवानांच्या क्रमवारीचे तक्ते निघत, त्याच धर्तीवर उपाहारगृहांचेही निघू लागले. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, वर ओझेकी, खाली सेकिवाके असे पैलवानांचेच दर्जे. त्यामुळे २००७ साली मिशलिनची टोकियोची पहिली मार्गदर्शिका निघाली आणि १५० ठिकाणांना मिळून १९१ तारे मिळाले, तेव्हा पॅरिसवाल्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पण टोकियोला असल्या उतरंडीची सवय पावणेदोनशे वर्षांची होती.

मांसाचं प्रकरण मात्र नवं. बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे शतकानुशतकं ते निषिद्धच मानलं जाई. १८७२ साली सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि बंध सैल झाले. गिन्झातलं रेन्गातेई १८९५चं. तिथे युरोपियन कटलेट तेलात तळून निघू लागलं. रशियाशी युद्ध लागल्यावर तरुण आचारी लढाईवर गेले, शिजवलेल्या भाज्या करायला हात उरले नाहीत, म्हणून बाजूला कच्चा कोबी चिरून ठेवला, असं तिथे सांगतात. त्या कटलेटचंच पुढे तोनकात्सू झालं आणि आज कोबीशिवाय ते कुणी वाढत नाही. आसाकुसात १९१० साली राइराइकेन उघडलं ते योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून. त्यांच्या चिनी शेवयांपासूनच आजच्या रामेनचा पसारा वाढला.

आपल्या करीची गोष्ट याहून नाट्यमय. ती जपानला आधी पोहोचली इंग्रजांमार्फत, मैदा घातलेली, दाट, गोडसर. १९१५ साली क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानला पळून आले. देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला तेव्हा शिंजुकूतल्या नाकामुराया बेकरीच्या मालक दांपत्याने, सोमा पतिपत्नींनी, त्यांना आपल्या आवारात लपवलं. पुढे त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचा विवाह झाला. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढलं, तेव्हा बोस यांच्या सांगण्यावरून हाडासकट कोंबडीची करी सुरू झाली. किंमत ८० सेन, इतर ठिकाणच्या करीच्या कितीतरी पट. तरी ती खपली आणि आजही मिळते. रस्सा वेगळ्या भांड्यात, भात वेगळा.

बोस यांचे सहकारी ए. एम. नायर यांनी १९४९ साली गिन्झात उपाहारगृह काढलं. तिथलं ठरलेलं ताट असं: पिवळा भात, उकडलेला कोबी, कुस्करलेला बटाटा आणि तासन्‌तास शिजवलेली कोंबडीची तंगडी. वाढपी तुमच्यासमोर चमच्याने हाड सोडवून घेतो आणि सगळं नीट कालवून खायला सांगतो. शेजारच्या टेबलावर सुटाबुटातले जपानी कारकून निमूटपणे कालवत असतात. पिढ्यान्‌पिढ्या शितं न विस्कटता भात खाणारी ही माणसं!

म्हणून पाहुण्यांना मी पाटीवरचा देश बघू नका म्हणतो. एकच पदार्थ वर्षानुवर्षं करणारं दुकान शोधा, दाराशी नोरेनचा कापडी पडदा लावलेला असला की ते उघडं आहे असं समजा, आणि दुपारी ऑफिसवाल्यांची रांग असेल तिथे बिनधास्त उभे राहा. हल्ली इथल्या गल्लोगल्ली नेपाळी मालकांची ‘इंडियन’ हॉटेलं आहेत आणि तिथे जपानी लोक आवडीने चीज भरलेला नान खातात. तो पाहून आम्ही नाकं मुरडतो. पण तोनकात्सूला जो न्याय लावला तोच लावायचा, तर तो नान अस्सल टोकियोचाच आहे.